सीलवाल्या बाईंसोबत मेळघाटात

मेळघाटात लोक वाघ बघायला जातात. आम्ही कुत्री बघायला गेलो होतो, तीही गावातली, चुलीजवळच्या राखेत झोपणारी. तेव्हा पुढे कुठेतरी वाघ येईल या आशेने कुणी हे वाचणार असेल, तर त्याने इथेच थांबलेलं बरं. वाघ येत नाही.

मी अकोल्यात पशुवैद्य आहे. आम्ही चौघं पशुवैद्य दर हिवाळ्यात रजा टाकून मेळघाटातल्या एखाद्या गावात जातो आणि तिथल्या कुत्र्यांना डिस्टेंपरची लस टोचतो. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार. डोळ्यांना चिपडं, नाकाला शेंबूड, खोकला, ताप आणि शेवटी झटके. माणसाला तो होत नाही. पण गावातलं कुत्रं जंगलातल्या नाल्यावर पाणी पितं, त्याच नाल्यावर रानकुत्री येतात, बिबट येतो, आणि त्यांना तो होऊ शकतो. म्हणून रानातल्या जनावरांना वाचवायचं तर आधी गावातल्या कुत्र्याला सुई टोचायची, असा हा सरळ मामला आहे.

यंदा माझे तिन्ही सहकारी ऐनवेळी गळाले. एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याची बदली, तिसऱ्याची कंबर. त्यांच्याऐवजी माझ्यासोबत आल्या इंगेबाई. साठी ओलांडलेल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बेटावर त्यांची अख्खी नोकरी सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या आजारांत गेली. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्या प्रयोगशाळेत तीन महिने शिकायला होते. आता निवृत्त झाल्यावर त्या अकोल्याला व्याख्यानाला आल्या, आणि व्याख्यान संपताच म्हणाल्या, "तुझी ती कुत्री कुठे आहेत?"

गाडी दादारावांची. दादाराव आमचे कायमचे ड्रायव्हर, मूळचे माझ्याच नांदगाव खंडेश्वरचे. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत इंगेबाईंचं इंगळेबाई करून टाकलं. त्याला बाईंची हरकत नव्हती.

अंजनगाव, परतवाडा

अकोटपासून अंजनगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता. बाईंनी गाडी थांबवून एक बोंड हातात घेतलं आणि बराच वेळ बोटांनी उकलत बसल्या. अंजनगावला पानाचे मळे आहेत, तिथलं पान खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही असा दादारावांचा दंडक. बाईंनी पान तोंडात घातलं, पण थुंकायचं असतं हे त्यांना सांगायला आम्ही विसरलो. त्यांनी सगळा रस सभ्यपणे गिळला आणि परतवाड्यापर्यंत उचक्या देत आल्या. परतवाड्यात गार दह्यातला गिला वडा पोटात गेला तेव्हा कुठे उचकी थांबली.

वडा खाता खाता दादारावांनी मनात साठवलेला प्रश्न काढला.

"मॅडम, मले एक सांगा. थे सील म्हंजे मासा व्हय का जनावर?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जनावर. पिल्लाला दूध पाजतं, हवेत श्वास घेतं, पाण्यात मासे धरतं आणि झोपायला वाळूवर येतं. आमच्या भाषेत त्याला समुद्रातलं कुत्रं म्हणतात."

हे ऐकून दादाराव फार खूष झाले. "मंग बरोबर हाये! मी म्हटलं, इतक्या दुरून ह्या बाई आमचे कुत्रे पायाले काहून येऊन राहिल्या. हे तं त्याईच्या घरचंच काम निघालं."

मी हसत हसत हे बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो बरोबर बोलतोय. आजारही एकाच घरातला आहे."

सेमाडोह

परतवाड्याच्या पुढे घाट लागतो आणि थंडी एकदम बदलते. अकोल्याच्या माणसाला हिवाळा म्हणजे स्वेटर काढावा की ठेवावा एवढाच प्रश्न. इथे दुपारी चारलाच सावलीत हात गारठतात. सेमाडोहला मुक्काम केला. संध्याकाळी शेकोटीपाशी भरीत, भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला. बाईंनी ठेचा भाकरीवर मुरंब्यासारखा सारवला आणि आम्ही ओरडेपर्यंत मोठा घास घेतलाही. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी दुसरा घास घेतला. त्यानंतर दादाराव त्यांना मानू लागले.

जेवण झाल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी ते दादारावांना मराठीत सांगत गेले.

त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्रातून वाळूचे पट्टे वर येतात आणि सील त्यावर येऊन अंग टाकतात. एकमेकांना लागून, बाजारात पोती रचावीत तसे. दरवर्षी हे दृश्य सुंदर असतं. त्या उन्हाळ्यात मात्र पट्ट्यांवरून खोकला ऐकू यायला लागला. अगदी माणसासारखा खोकला. मग मेलेले सील लाटांबरोबर किनाऱ्याला लागू लागले. आधी एखाद-दुसरा, मग रोज, मग इतके की मुलांना किनाऱ्यावर खेळायला पाठवणं लोकांनी बंद केलं. कारण कुणालाच कळेना. कुणी म्हणे समुद्र घाण झाला, कुणी म्हणे कारखाने. बऱ्याच महिन्यांनी कळलं की तो विषाणू होता, कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा सख्खा चुलतभाऊ. सैबेरियातल्या एका मोठ्या तळ्यातल्या सीलना तर थेट कुत्र्यांचाच डिस्टेंपर झाला होता, हेही पुढे उघड झालं.

"पण माझी गोष्ट ती नाही," बाई म्हणाल्या. "सीलच्या पिल्लांची आई कधी कधी हरवते. मग ती रडत किनाऱ्यावर येतात. आम्ही तरुण पोरंपोरी ती उचलून आणायचो. आजारी पिल्लंही आणायचो. एकच शेड होती, एकच हौद. सगळ्यांना त्यात ठेवलं, बाटलीने दूध पाजलं, रात्ररात्र जागलो. जी पिल्लं फक्त आई हरवली म्हणून रडत होती, ज्यांना काही झालेलं नव्हतं, तीही गेली. आम्ही उचलली नसती तर त्यातली काही जगली असती."

दादारावांनी शेकोटीत एक लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "मंग बाईनं काय केलं?"

"मी मेलेले सील मोजायचं काम मागून घेतलं," बाई म्हणाल्या. "मोजताना कुणाला उचलावं लागत नाही."

हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगितलं, आणि गोधडी घेऊन झोपायला गेले. पुढे जे झालं ते सांगताना हे लपवून चालणार नाही.

आंबाढाणा

धारणीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की तासभर कच्च्या वाटेने आंबाढाणा येतं. कोरकू लोकांचं गाव. कोरकू गाव बघण्यासारखं असतं, कारण त्याला रेषा असते. घरांच्या दोन सरळ रांगा समोरासमोर, मधे रुंद मोकळा रस्ता, प्रत्येक घराला सारवलेला ओटा. आमची वऱ्हाडातली गावं जिथे जागा मिळाली तिथे घर अशा हिशेबाने वाढलेली. इथे एका टोकाला उभं राहिलं की गावातलं प्रत्येक दार दिसतं. दारोदार जाऊन काम करायला याहून सोयीचं गाव सापडणार नाही.

आम्ही दारोदार गेलो नाही. आम्ही शिबिर भरवलं.

आमच्याकडे कोणतंही चांगलं काम शिबिराशिवाय होत नाही. डोळे तपासायचे, शिबिर. रक्त द्यायचं, शिबिर. जनावरांचं वांझपण, शिबिर. मंडप, बॅनर, भोंगा, हार, नारळ, पाहुणा, प्रास्ताविक, आभार, आणि उरलेल्या वेळात ते काम. मी अशा शेकडो शिबिरांत वाढले. त्यामुळे गावाच्या तोंडाशी मोहाच्या मोठ्या झाडाखाली "भव्य श्वान लसीकरण शिबिर" असा बॅनर बांधताना माझ्या मनात काहीसुद्धा खुपलं नाही. गावचे पोलीस पाटील बाबूलाल यांनी भोंग्यावरून हाक दिली आणि नऊ वाजेपर्यंत गावातली झाडून सगळी कुत्री मोहाखाली आली. कुणी चऱ्हाटाने बांधून आणलेलं, कुणी लुगड्याच्या चिंधीने, कुणी नुसतंच मालकामागून.

पाहुणा यायचा होता. मोर्शीचे एक संत्रा बागायतदार, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो. लस गार ठेवायच्या पेट्या त्यांनी दिलेल्या. भला माणूस. घाटात त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं आणि त्यांनी निरोप दिला होता की माझ्यासाठी थांबू नका. पण ज्याने दिलं त्याला सोडून सुरुवात करणं आपल्यात बरं दिसत नाही. मी म्हटलं, थांबू, येतीलच.

दोन तास थांबलो. ऊन चढलं तशी कुत्री सावलीत सरकली आणि एकमेकांना लागून पसरली. त्यांच्या जिभा बाहेर आल्या. तेव्हा मी म्हटलं, "बाबूलालभाऊ, याईच्यासाठी पाणी ठेवा ना."

बाबूलाल म्हणाले, "मॅडम, हर एक अपने घर से कटोरी ले आएगा. अलग अलग पिला देंगे."

आणि मी फटकन म्हटलं, "वेगळी भांडी कशाला? एक मोठं घमेलं ठेवा. सगळे पितील."

हे माझ्या तोंडून का निघालं ते मला माहीत आहे. आमच्या घरात वेगळ्या भांड्याची आठवण आहे. माझ्या आजोबांना शाळेत वरून पाणी ओतून पाजत. बाबा शिक्षक झाले तेव्हा त्यांनी नांदगावच्या आमच्या दारात एक रांजण ठेवला आणि त्यावर एकच पेला. येणारा कुणीही असो, त्याच पेल्याने प्यायचा. ज्याला चालत नसेल त्याने तहानेलं जावं, असं बाबा हसून म्हणत. वेगळं भांडं हा शब्द कानावर आला की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालतं. पण बाबांचा नियम माणसांसाठी होता. विषाणूला तो लावायचा नसतो, हे मी कॉलेजात शिकले आहे, मुलांना शिकवलंही आहे.

घमेलं आलं. कुत्री प्यायली. त्यात रामकलीबाईंचा काळू होता.

रामकलीबाई चाळिशीच्या, एकट्या. त्यांचा हरभरा गावाबाहेर नाल्याला लागून आहे. काळू हा त्या हरभऱ्याचा राखणदार. डुकरं आली की तो भुंकतो, मग बाई मचाणावरून डबा वाजवतात. काळू भुंकतो म्हणून त्यांना रात्री झोप मिळते, असं त्यांनीच सांगितलं. "इसको कुछ होना नहीं चाहिए, डॉक्टरबाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "ये है तो खेत है." मी म्हटलं होतं, काही होणार नाही, म्हणून तर आलो.

काळूच्या शेजारी बाबूलालचं तांबूस कुत्रं पीत होतं, लाल्या. इंगेबाई इतका वेळ बाजूला दगडावर बसून होत्या. पाहुण्या म्हणून गप्प राहिल्या असाव्यात. अचानक त्या उठल्या, लाल्यासमोर वाकल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी जवळ गेले. लाल्याच्या डोळ्यांत पिवळी चिपडं होती. नाक वाळून तडकलेलं. आणि मग तो खोकला.

इंगेबाईंनी पायाने घमेलं उलथून टाकलं.

पाणी मोहाच्या मुळांपर्यंत वाहत गेलं. रामकलीबाई हळूच म्हणाल्या, "पानी को लात मारी."

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. चूक झाली, सगळ्यांनी आपापलं कुत्रं घरी न्या, मी एकेका दारी येते, एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. पण बॅनरवर माझं नाव होतं. गाव इंगेबाईंकडे रागाने बघत होतं. आणि तेवढ्यात भाऊसाहेबांची गाडी वाटेवर दिसली. मी म्हटलं, "बाईंचा चुकून पाय लागला. त्यांना दिसलं नाही."

पुढचं सगळं रीतसर झालं. नारळ फुटला. भाऊसाहेबांनी मोजून चार वाक्यं बोलून प्रत्येक घराला संत्री वाटली, गोड होती. लाल्या सोडून सगळ्यांना सुया टोचल्या. बाबूलालना मी बाजूला घेऊन सांगितलं की लाल्याला घरात बांधून ठेवा, नाल्यावर जाऊ देऊ नका. त्यांनी मान डोलावली. मग आम्हाला कुटकी या भरडधान्याचा भात आणि अंबाडीची भाजी वाढली. भात बारीक, मऊ, तुपाशिवायही गोड लागणारा. मी दोनदा घेतला. इंगेबाई जेवल्या नाहीत, पोटाचं कारण सांगितलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "मी पाणी सांडल्यावर तू त्यांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुन्हा आंबाढाणा

इंगेबाई जर्मनीला गेल्या. मी अकोल्यात कामाला लागले. लस टोचली की लगेच कवच चढत नाही, त्याला दोनेक आठवडे लागतात. मधल्या काळात लागण झाली तर सुई टोचलेलं कुत्रंही आजारी पडू शकतं. मी रोज मनात दिवस मोजत होते. विसाव्या दिवशी बाबूलालचा फोन आला.

"मॅडम, कुत्रे मर रहे. लोग बोल रहे सुई खराब थी. अब कोई सुई नहीं लगाने देगा."

"लाल्या?"

"वो तो पहले ही गया." मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मेरे कुत्ते का नाम मत लेना गाँव में."

मी सहकाऱ्यांना फोन केले. तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं. लागण गावात आधीपासून होती, तेच सांग. ते खोटं नाही. खरंच, ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते नको होतं. तेवढंच सांगितलं असतं तर गावाने दुसऱ्या वाक्याला विचारलं असतं, कुणाच्या घरी होती, आणि बाबूलालचं घर त्या दोन रांगांत सगळ्यांच्या समोर आहे.

मग इंगेबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मोजायचं काम मागू नकोस." आणखी काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादारावांना घेऊन निघाले. या खेपेला अंजनगावचं पान नाही, गिला वडा नाही. घाटात दादाराव म्हणाले, "मॅडम, एक इचारू? मारतीन का आपल्याले?"

"मारणार नाहीत."

"तरी मी गाडी तोंड फिरवून लावतो."

त्यांनी खरंच गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली आणि इंजिन चालू ठेवलं. कुणी मारलं नाही. कुणी बोललंही नाही. ओट्यांवरची माणसं माझ्याकडे बघून घरात जात होती. ज्या गावात तीन आठवड्यांपूर्वी मला दोनदा भात वाढला होता, तिथे कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. वऱ्हाडात पाणी न विचारणं म्हणजे काय असतं ते वऱ्हाडातल्या माणसालाच कळेल. मला ते फार लागलं, आणि लागायचा मला हक्क नव्हता हेही कळत होतं.

रामकलीबाई ओट्यावर बसून होत्या. डोळे सुजलेले. खुंट्याला काळूचं चऱ्हाट गुंडाळून ठेवलेलं होतं.

"परसों," त्या म्हणाल्या. "पैर झटकता रहा. रात भर."

मी ओट्याखाली जमिनीवर बसले. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत गेले, अडलं की मराठीत. बाबूलाल मागे येऊन उभे राहिले होते, शेजारच्या दोन-तीन बायाही. मी म्हटलं, सुई चांगली होती. आजार आधीच या भागात होता, तो कुठून आला ते कुणी सांगू शकणार नाही. पण तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे श्वासाने आणि पाण्यातून जातो. आणि गावातली सगळी कुत्री एका सावलीत दोन तास कुणी बसवली? मी. एका घमेल्यात पाणी पाजा असं कुणी सांगितलं? बाबूलालभाऊ वेगळ्या वाट्या म्हणत होते. मी नको म्हटलं. आणि त्या गोऱ्या बाईंचा पाय चुकून लागला नव्हता. त्यांनी मुद्दाम पाणी सांडलं, कारण त्यांना दिसलं आणि मला दिसलं नाही. मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले.

मग मी त्यांना वाळूच्या पट्ट्यावरच्या सीलची गोष्ट सांगितली. ते खोकत कसे शेजारी शेजारी पडत, आणि एका हौदात ठेवलेली पिल्लं कशी गेली. समुद्र त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. पण एका शेजारणीने विचारलं, "वो पिल्लों की माँ बाद में आई क्या?"

रामकलीबाई पदराने डोळे पुसून उठल्या. मला वाटलं, आता निघ म्हणतील. त्या म्हणाल्या, "दो रात से मैं मचान पे हूँ. कुत्ता नहीं है तो आँख बंद नहीं कर सकती." मग माझ्याकडे बघितलं. "तुम बैठो. मैं सोती हूँ."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना झोप हवी होती आणि मी रिकामी होते, एवढाच तो हिशेब होता.

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा हरभऱ्याची राखण केली. मचाण म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेल्या फांद्या, वर पळसाची पानं. बाई खाली गवताच्या गंजीशेजारी पडल्या आणि पडता क्षणी झोपल्या. माझ्या हातात डबा आणि काठी. दुपार कलली. हरभऱ्याला घाटे धरले होते. नाल्याच्या पलीकडे साग होता, त्याची पानं वाळून मोठी झालेली, एखादं पडलं तरी चालल्याचा आवाज होई आणि मी डबा वाजवायला काठी उचले. दोनदा उगीचच वाजवला. बाई उठल्या नाहीत. काळू हे काम रोज करत होता आणि चुकत नव्हता, असं मनात आलं आणि मला रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून रडून घेतलं.

दिवस मावळायच्या आधी सागातून शिट्टी आली. बारीक, लांब. एखाद्या गुराख्याने घालावी तशी. मग दुसरी, जरा जवळून. मी काठी खाली ठेवली. नाल्याच्या काठावर तांबड्या रंगाची पाच जनावरं आली, काळ्या झुपकेदार शेपट्यांची. रानकुत्री. मी इतकी वर्षं मेळघाटात येते, त्यांच्यासाठी गावोगाव सुया टोचते, पण इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. ती एका रांगेत उभी राहून पाणी पिऊ लागली. याच नाल्यावर काळू पाणी प्यायचा. लाल्याही पीत असणार.

मला त्यांचं सौंदर्य वगैरे काही दिसलं नाही. मी कान देऊन बसले होते. त्यांच्यातला एखादा खोकतो का, तेवढंच ऐकत होते. डोळ्यांत चिपडं आहेत का ते दिसण्याइतका उजेड नव्हता. श्वास रोखला की ऐकू चांगलं येतं, म्हणून रोखला. पाणी चाटल्याचा आवाज येत होता. एकाने डोकं झटकलं. पण त्याने फक्त कानावरची माशी उडवली होती. मग ती आली तशी सागात गेली, आणि शिट्ट्या दूर गेल्या.

एक दिवस न खोकल्याने काही सिद्ध होत नाही, हे पशुवैद्य म्हणून मी सांगायलाच हवं. पुढचे दोन महिने त्या नाल्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती, आणि ते काम बाबूलालनी आपण होऊन घेतलं. अजून तरी त्यांचा वाईट फोन आलेला नाही.

रामकलीबाई अंधार पडायच्या बेताला उठल्या. डोक्यावर पदर घेऊन मचाणापाशी आल्या.

"कुछ आया था?"

"रानकुत्ते आए थे. पानी पिए और गए."

त्यांनी हरभऱ्याकडे बघितलं नाही, नाल्याकडे बघितलं. मग वर माझ्याकडे बघून विचारलं, "अच्छे थे?"

"अच्छे थे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी खाली उतरले, त्या वर चढल्या. अर्ध्या वाटेवर मला मागून त्यांची हाक आली.

"डॉक्टरबाई! जो कुत्ते बचे हैं, और जो नए पिल्ले हैं, उनको कल लगाना. मेरे घर से शुरू करना, फिर सीधी लाइन में जाना." मग त्यांनी आणखी जोरात सांगितलं, "और वो कपडा मत लाना."

दादारावांनी इंजिन केव्हाच बंद केलं होतं आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून ते चहा पीत होते. शिबिराचा तो बॅनर अजून त्यांच्याच गाडीत आहे. मागच्या सीटवर अंथरलाय, लसीच्या पेटीतलं बर्फाचं पाणी गळतं त्याच्यासाठी.